पुसलेलं तोंड

रणजीतच्या शर्टाच्या बाहीतून गोचीड पडली ती नेमकी लॅबच्या काउंटरवर, आणि तीही पुसेगावहून भाच्याचा रिपोर्ट न्यायला आलेल्या चांगुणाबाईच्या डोळ्यांदेखत. तुरीच्या दाण्याएवढी, करडी, टम्म. पडल्या पडल्या ती उलटी झाली आणि पाय हलवायला लागली. बाईंनी आधी वाकून बघितलं, मग हात मागं घेतला, आणि हे तुमच्याच अंगावरून पडलं का भाऊ, असं इतक्या साधेपणानं विचारलं की रणजीतला धड हो म्हणता येईना, धड नाही म्हणता येईना. त्यानं काचपट्टीनं ती दाबली. फुटली. काउंटरच्या पांढऱ्या फरशीवर टिकलीएवढा रक्ताचा डाग उठला. हिंगोलीतल्या या दीड खोलीच्या लॅबमध्ये तो बारा वर्षं लोकांचं रक्त काढत होता. हातमोजे घालून, नळीवर नाव-वय लिहून, बुचाचा रंग बघून. आणि हे एक रक्त बिननावाचं, न मागता समोर आलं होतं. सवयीनं त्याचा हात स्पिरिटच्या बोळ्याकडं गेला आणि डाग पुसून मोकळा झाला. पुसल्यावर मात्र त्याला स्वतःचाच राग आला, आणि कशाचा ते लगेच कळेना. बाई रिपोर्ट दोन बोटांत धरून निघून गेल्या.

ते रक्त भिंगरीचं होतं. भिंगरी म्हणजे त्याची कुत्री. कारवानी जातीची, उंच, लांब तोंडाची, सायीच्या रंगाची. त्याची म्हणायची एवढंच, राहायची ती तांड्यावर, औंढ्याच्या पलीकडं डोंगराला टेकलेल्या तीसेक घरांत, त्याच्या बापाजवळ. काल रविवारी तो गेला तेव्हा ती उठली नाही. मोटारसायकलचा आवाज फाट्यावरूनच ओळखून पुलापर्यंत धावत येणारी कुत्री, काल बाजेखाली पडल्या पडल्या तिनं शेपटी दोनदा जमिनीवर आपटली, झालं. तासभर तो तिच्या कानांतल्या, बोटांच्या बेचक्यांतल्या गोचिडी उपटून डिझेलच्या डबड्यात टाकत बसला. त्यातलीच एखादी बाहीत शिरली असणार. बापू शेजारी उकिडवे बसून विडी ओढत होते. थंडीनं आखडली असंल, म्हणाले. आणि यानं, रोज शंभर माणसांच्या रक्ताचे आकडे छापणाऱ्या या शहाण्यानं, मान डोलावली. असंल, म्हणाला. काहून म्हणालो आपण असं, या प्रश्नानं आता त्याचं डोकं उठलं होतं. मशीन घरघरत होतं, डेंग्यूचे दिवस म्हणून बाहेर बाकावर रांग लागली होती, जो तो प्लेटलेट, प्लेटलेट करत होता, आणि याला समोरच्या नळ्यांवरची नावं दिसत नव्हती.

तीन वर्षांपूर्वी बापूंनी त्याला हे पिलू दिलं, तेव्हा तो वैतागलाच होता. भाड्याची खोली, वर राहणारा घरमालक, बायकोला, शिलाला, मुळात कुत्र्यांचा तिटकारा. ठेवू कुठं? ऱ्हाऊ दे इथंच, बापू म्हणाले, तुझी म्हून ठिवतो, तू येत जा बघाया. त्याआधी तो तांड्यावर जायचा तो होळीला नाहीतर दिवाळीला. बाप-लेकाचं बोलणं म्हणजे काय, तर आलास का आणि निघालास का. मधे चहा. नेमसिंग आडे या माणसाला सबंध डोंगर पाठ होता, कुठल्या नाल्यात घोरपड आहे आणि कुठल्या बांधाला तितर बसतं हे तो वाऱ्यावरून सांगायचा, पण पोराशी काय बोलावं हे त्याला चाळीस वर्षांत जमलं नव्हतं. पोराला तरी कुठं जमलं होतं. शाळेच्या वसतिगृहात गेला तेव्हापासून तो या घरात पाहुणाच. भिंगरी आली आणि बोलायला विषय आला. आज किती पळाली, कुठं वळली, पायाला काटा होता का, पिलं कधी धरायची. दर रविवारी तीस किलोमीटर जायचं, दुपारपर्यंत तिच्याजवळ बसायचं, बापू सांगतील ते ऐकायचं. शिला म्हणायची, बापूंना भेटायला जाता का कुत्रीला? तो हसून सोडून द्यायचा. पण खरं उत्तर त्याला माहीत होतं, आणि भिंगरी गेली तर रविवार जाईल, बापू जातील, आपण पुन्हा होळी-दिवाळीचे पाहुणे होऊ, हेही त्याला आज काउंटरमागं उभ्या उभ्या लख्ख कळत होतं.

त्यानं मोबाइल काढला आणि फोटो मागं मागं सरकवत नेले. कालची भिंगरी. दिवाळीची. दसऱ्याची. पोळ्याची. पोळ्याला तिच्या अंगावर तीन बरगड्या दिसत होत्या, दसऱ्याला सहा, दिवाळीला त्यानं मोजल्याच नाहीत. आणि याच दिवाळीच्या फोटोखाली त्यानं स्वतः लिहून तांड्याच्या ग्रुपवर पाठवलं होतं, काय अंग काढलंय पोरीनं! तांड्यावरच्या साऱ्यांनी अंगठे वर केले होते. शिकारीचं कुत्रं अंगानं सुटलेलं नसावं, खाऊनपिऊन उपाशी दिसावं, बरगड्या लांबून मोजता याव्यात, ही बापूंची शिकवण. भरलेल्या अंगाच्या कुत्र्याला ते पाटलाचं कुत्रं म्हणत आणि थुंकत. भिंगरी आतून झिजत चालली होती आणि सगळा तांडा तिच्या झिजण्याची वाहवा करत होता. वाहवा करणाऱ्यांत आपणच पुढं. एखादा माणूस असा वाळत चालला असता तर आपण त्याला हात धरून बाकावर बसवला असता आणि आधी रक्त काढलं असतं. पण ती पडली कुत्री, आणि तीही शिकारीची, तिचं वाळणं म्हणजे तिची शान. रणजीतनं मोबाइल पालथा ठेवला. आतून कुलदीप ओरडला, लॅब त्याची, की सात नंबरचा रिपोर्ट अजून का निघाला नाही. निघून राहिला, असं रणजीत म्हणाला, आणि सात नंबर कोणता ते शोधायला लागला.

अकराला याडीचा फोन आला. त्याची आई, रुख्मिणीबाई, कामाच्या वेळी कधी फोन करत नसे. सकाळपासून भिंगरीच्या नाकातून रगत येऊन राहिलं, म्हणाली, थांबंना झालंय, मी थंड पाण्याची पट्टी ठिवली तर पट्टीच भिजली. रणजीत घाईनं म्हणाला, काही मारलं असंल तिनं, त्याचं लागलं असंल.  याडी म्हणाली, "कुठून मारते रे माय, चार दिसापासून उठून राहिली न्हाई ती."

फोन कानाला तसाच राहिला. शिकाऱ्याच्या घरातला हा नियमच, कुत्र्याच्या तोंडाला रक्त दिसलं की ते सशाचं. ते बघून घर खूश होतं. कुत्र्याचं स्वतःचं रक्त नाकावाटे बाहेर येऊ शकतं हे त्या घरात कुणाच्या डोक्यातच येत नाही, आणि रक्ताच्या नळ्यांत बारा वर्षं घालवलेल्या माणसाच्याही आलं नव्हतं. आणि लगेच दसऱ्यानंतरचा तो रविवार समोर येऊन उभा राहिला, टाळता येईना असा. तो तांड्यावर पोचला तेव्हा भिंगरीच्या तोंडाला रक्त होतं, नाकपुड्यांपासून हनुवटीपर्यंत, अर्धवट सुकलेलं. ससा, बापू म्हणाले, कापसात गाठला पहाटं. मग कुठाय? तर शेजारच्या वसरामच्या लेकीला दिला, बाळंतीण हाय. रणजीतनं भिंगरीच्या डोक्यावर थापटलं, शाब्बास म्हणाला, पुन्हा पुन्हा म्हणाला. तेवढ्यात खालच्या वाटेनं सरकारी जीप येताना दिसली. म्हशींना लाळ्या-खुरकूतची लस टोचायची मोहीम होती म्हणून रविवारीही जनावराचे डॉक्टर येत होते, पण जीप म्हणजे जीप. सहा वर्षांपूर्वी अशाच एका जीपमधून फॉरेस्टवाले आले होते, बापूंचं जाळं नेलं होतं आणि त्यांना दोन दिवस ऑफिसाच्या पायरीवर बसवून ठेवलं होतं. तेव्हापासून तांड्यावर रीतच पडली, साहेब दिसला की आधी कुत्र्याचं तोंड पुसायचं, मग साहेबाला बाज टाकायची. त्या दिवशी याडी फडकं शोधत होती, तेव्हा रणजीतनं खिशातला स्वतःचा रुमाल काढला आणि तांब्यातल्या पाण्यात भिजवून भिंगरीचं तोंड पुसलं. स्वच्छ. लॅबमधला हात तो, डाग कशाला राहतोय.

आणि ते डॉक्टर, स्वप्निल नाव त्यांचं, तरुण माणूस, म्हशी टोचून झाल्यावर जाता जाता भिंगरीपाशी थांबले. कुणी सांगितलं नव्हतं थांबायला. कानाला हात लावला, ओठ वर करून हिरड्या बघितल्या, कपाळाला आठी घातली. ताप आहे हिला, म्हणाले, गोचिडीही बऱ्याच आहेत. नाकातून, लघवीतून कुठून रक्त वगैरे येतं का? बापूंनी रणजीतकडं बघितलं. त्या बघण्यात सगळं होतं, पायरीवरचे दोन दिवस होते, शिकलेल्या पोराचा आधार होता. आणि शिकलेला पोरगा म्हणाला, न्हाई साहेब, घरचीच कुत्री हाय, कुठं जात न्हाई. ओला रुमाल तेव्हा त्याच्या खिशात होता, मांडीला गार लागत होता. डॉक्टरांनी तापाचं इंजेक्शन दिलं, गोचिडीची पावडर दिली, काही वाटलं तर दवाखान्यात आणा म्हणाले, आणि गेले. संध्याकाळी शिलानं रुमाल बघून विचारलं, हे कुणाचं रक्त? सशाचं, तो म्हणाला. खोटं बोललो असं त्याला त्या दिवशी एकदाही वाटलं नव्हतं. फॉरेस्टवाल्यांपासून बापाला वाचवलं असंच वाटत होतं, आणि त्याचा थोडा अभिमानसुद्धा. आता फोन खिशात टाकून तो कुलदीपच्या टेबलाकडं निघाला.

कुलदीपकडं सुट्टी मागितली तर तो म्हणाला, कुत्रीसाठी? रांग बघ बाहेर. रणजीतनं हातमोजे काढून त्याच्या टेबलावर ठेवले आणि निघाला. रस्ताभर तो भांडत होता. कुलदीपशी, फॉरेस्टवाल्यांशी, त्या कायद्याशी. डोंगरात डांबराचे रस्ते आणि खाणी चालतात, पण म्हाताऱ्याच्या कुत्रीनं एक ससा धरला की जीप येते. पण सगळ्यात जास्त तो बापूंशी भांडत होता. जन्म गेला कुत्र्यांत आणि कुत्री मरायला लागलेली कळत नाही? चार दिवस उठली नाही ती आणि काल मला म्हणता थंडीनं आखडली? एकेक वाक्य तो मनात घासून तयार करत होता, आज बोलायचंच, चाळीस वर्षांचं बोलायचं. औंढ्याला देवळाच्या बाजूनं यात्रेकरूंच्या गाड्यांची गर्दी होती. एका हारवाल्याच्या गाड्याला मोटारसायकलचं हँडल घासलं, हारवाला शिव्या देत राहिला, आणि रणजीतला त्या शिव्या ऐकून बरं वाटलं. तांड्यावर पोचल्यावर तयार केलेलं एकही वाक्य तोंडातून निघालं नाही. बापू जमिनीवर बसले होते, भिंगरीचं डोकं मांडीवर, धोतर सगळं लाल. त्यांनी वर बघितलं आणि आलास का, म्हणाले.

वसरामच्या जीपमध्ये तिला घालून औंढ्याच्या दवाखान्यात नेलं. तेच डॉक्टर होते, हे नशीब. त्यांनी ओठ वर केला तर हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या. पोटावर कातडीखाली जांभळे ठिपके, असे ठिपके रणजीतनं माणसांच्या अंगावर शेकड्यानं बघितले होते, आणि काल गोचिडी काढताना याच पोटावरून आपला हात फिरला होता. डॉक्टरांनी विचारलं, रक्त पहिल्यांदा कधी आलं? बापूंनी पुन्हा तसंच त्याच्याकडं बघितलं. तेच बघणं. रणजीतला त्या क्षणी त्या बघण्याचा संताप आला, इतका, की आवाज चढला.

"दसऱ्यानंतर," तो म्हणाला. "तुमी आलते त्याच दिशी. ससे धरते ती, साहेब. आमाला वाटलं सशाचं हाय. तुमी यायच्या आधी मीच तोंड पुसलं."

डॉक्टर रागावले असते तर बरं झालं असतं. ते त्याच्याकडं बघत राहिले आणि म्हणाले, "तुम्ही हिंगोलीला लॅबमध्ये आहात ना?" एवढंच. मग शांतपणे सांगायला लागले. गोचीड ताप. गोचीड चावते, तिच्या तोंडातून जंतू रक्तात जातो, पेशींत घर करतो. सुरुवातीला कळला तर साध्या गोळ्या, महिनाभर न चुकता दिल्या की जनावर बरं होतं. नाही कळला तर तो आत उतरतो, हाडात जिथं रक्त तयार होतं तिथपर्यंत, आणि मग रक्त तयारच होत नाही. आता बाहेरून रक्त द्यावं लागेल, ते परभणीला कॉलेजच्या दवाखान्यात होईल, एखादं धडधाकट कुत्रं सोबत न्या रक्त द्यायला, आणि वेळ लावू नका. त्यांनी इंजेक्शन दिलं, चिठ्ठी लिहिली, तिकडं फोनही केला. वाचंल का, हे रणजीतनं विचारलं नाही. लॅबच्या काउंटरवर लोक त्याला रोज तेच विचारायचे आणि रिपोर्ट डॉक्टरला दाखवा असं सांगून तो मोकळा व्हायचा.

बापू यायला तयार नव्हते. परभणीला नाव लिहून घेतील, गाव विचारतील, कशाला पाळली म्हणतील. सांगू, रणजीत म्हणाला, जे हाय ते सांगू, बसा. वसरामनं तांड्यावरून आपला काळा कुत्रा आणवला, देवला नावाच्या त्याच्या भावानं तो मोटारसायकलवर पुढं धरून आणून दिला. पुढं वसराम आणि बापू, मागच्या फळीवर रणजीत, त्याच्या मांडीवर भिंगरी, पायाशी बांधलेला काळा कुत्रा. त्यानं तिच्या नाकाला कापूस धरला होता. कापूस भिजायचा, तो बदलायचा, परत भिजायचा. किती मिलिलिटर गेलं असेल याचा हिशेब डोकं आपोआप करत होतं आणि तो डोक्याला गप्प बस म्हणत होता. तिचे डोळे उघडे होते. पळतानाचे ते डोळे त्यानं एकदाच बघितले होते, पहिल्या वर्षी, हट्टानं पहाटे बापूंबरोबर गेला होता तेव्हा; हरभऱ्याच्या रानात ससा उठला आणि ही सुटली, पाय जमिनीला लागत होते की नाही कळत नव्हतं, आणि बापू, कधी न हसणारे बापू, त्याचा दंड धरून हसत होते. दंडावरचा तो हात त्याला अजून आठवत होता. त्यांनी त्याला हात लावल्याचं दुसरं काही त्याला आठवत नव्हतं.

जवळा बाजार गाव मागं गेलं. मग पुढून, मान न वळवता, बापू म्हणाले, "ससा नव्हता त्या दिशी."

रणजीतला वाटलं, गाडीच्या आवाजात नीट ऐकू आलं नाही. त्यानं विचारलं, काय?

"दसऱ्यानंतर. ससा नव्हताच. धरला असता तर दातात केस असते की. मला काय कळत न्हाई व्हय? पोळ्यापासून रिकामीच येऊन राहिली व्हती. उठायची, पळायची, अर्ध्यात बसायची." बापू थांबले. "रगत कशाचं ते न्हाई कळलं. काट्याचं असंल म्हणलं. पर तुला ससाच सांगितला."

"काहून?" रणजीत म्हणाला. "काहून सांगितलं?"

वसरामनं गिअर बदलला, पुढच्या उसाच्या ट्रॅक्टरला बाजू मागत हॉर्न वाजवला. ट्रॅक्टर मागं पडला. मग बापू म्हणाले, "ती पळंना झाली म्हणलं असतं, तर तू कशाला आला असतास?"

सकाळपासून घासून ठेवलेली सगळी वाक्यं रणजीतच्या तोंडात आली आणि तिथंच अडली. दर रविवारची ती वर्णनं, कापसातला ससा, नाल्याच्या कडेचा ससा, वळून धरलेला ससा. तीन महिने हा माणूस आठवडाभर बसून ती रचत होता. ज्याला पोराशी दोन शब्द बोलता येत नव्हते त्यानं ती रचली होती. आणि आपण मान डोलावत ऐकत होतो, खूश होत होतो, एकदाही तिच्या तोंडात बोट घालून दात बघितले नाहीत. चिडायचं तरी कुणावर? ओरडावं, जीप थांबवावी, उतरून माळाला लागावं असं वाटत होतं, आणि मांडीवर ही होती. त्यानं खाली बघितलं. कापूस पांढरा होता. मघाशी बदललेला, तरी पांढराच. त्याला क्षणभर आनंद झाला, थांबलं म्हणून. मग त्यानं दोन बोटं तिच्या मांडीच्या आतल्या बाजूला, जिथं नाडी लागते तिथं, ठेवली. दाबली. जागा बदलून पुन्हा दाबली. पायाशी काळा कुत्रा उठला, तिच्या तोंडाशी नाक नेलं आणि साखळी पोचेल तेवढा मागं सरकून कोपऱ्यात जाऊन बसला. साखळी वाजली. रणजीतनं ती पटकन मुठीत धरली.

परभणी अठ्ठावीस, असा दगड मागं गेला.

"हाय ना रे?" बापूंनी विचारलं. मान वळवली नाही त्यांनी. आयुष्यभर पाठीमागचं पान हललं तरी ज्यांना कळलं, त्यांनी मान वळवली नाही.

"हाय," रणजीत म्हणाला. "वसरामभाऊ, जरा दामटा गाडी."